लांब दांड्याची उलथनी

माझ्या वडिलांचा असा ठाम समज होता की कुठल्याही कामाचं उद्घाटन नीट झालं की निम्मं काम उरकतं. उरलेलं निम्मं आई करायची. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. त्यांनी शिकवणीचे वर्ग, सायकलींचं दुकान आणि उदबत्त्यांची एजन्सी अशी तीन उद्घाटनं केली होती, आणि तिन्हींचे हार घातलेले फोटो बाहेरच्या खोलीत ओळीने लावलेले होते. त्याच खोलीत, त्या फोटोंच्या खाली पाट मांडून आईची खानावळ चालायची. खानावळीचं उद्घाटन कधी झालंच नाही. शेजारच्या एका भाडेकरूला पोटाचा त्रास झाला म्हणून आईने त्याला आठ दिवस मऊ भात घातला. तो बरा झाला तरी येत राहिला, मग त्याने मित्र आणला, मित्राने भाऊ आणला, आणि मी कळती झाले तोवर रोज तीस-बत्तीस माणसं आमच्याकडे जेवत होती. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

घर पंचवटीत होतं. पुढे फोटोंची खोली, मध्ये निजायची खोली आणि मागे पत्र्याखाली स्वयंपाकघर. घड्याळ वाचता येण्याआधी मला वेळ कळायची ती आईच्या उलथन्यावरून. कढईत कांदा परतताना ते खसखस वाजायला लागलं की आठ वाजलेले असत आणि मी उठलेली असणं अपेक्षित असे. तव्यावर पोळी उलटताना एक हलका टोला आणि फुगवताना कडेने दोनदा दाबणं, असा ठेका धरला की नऊ. पिठल्याच्या कढईचा तळ खरवडला जाऊ लागला की पंगत संपत आली, चला, ताटं उचलायला. ते उलथनं आईचं एकटीचं होतं. गाडीच्या तुटलेल्या कमानपाट्याचा तुकडा ठोकून एका लोहाराने ते तिला करून दिलं होतं. दांडा आखूड, त्याला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली, आणि पातं वर्षानुवर्षं खरवडून एका कोपऱ्यात झिजून तिरपं झालेलं. दुसऱ्या कुणाच्या हातात ते नीट चालत नसे. मी घेतलं की पोळी हमखास फाटायची. आई उंचीने जेमतेम पावणेपाच फूट. शेगडी जमिनीवर ठेवून, पाटावर बसून ती रांधायची. डाव्या हाताला परात, उजव्या हाताला मसाल्याचे डबे, समोर जाळ. कशासाठी उठावं लागत नसे आणि कुणाला काही मागावं लागत नसे. बसलेली असली की ती मला घरातलं सगळ्यांत उंच माणूस वाटायची.

जेवणात फारसं काही नसायचं आणि तरी माणसं येत राहायची. मठाची उसळ, वांग्याचं भरीत, शेवेची भाजी, काळा मसाला घातलेली आमटी. कांदा मात्र भरपूर. जेवायला येणाऱ्यांत चांदवडकडची दोन-तीन मुलं होती आणि ती गावाहून येताना अर्धं पोतं घेऊन यायची. शनिवारी पिठलं-भाकरी. त्या दिवशी पंगतीत भांडणं होत, ती पिठल्याच्या खरवडीवरून. कढईच्या तळाशी धरलेला तो तांबूस पापुद्रा आई उलथन्याने कडेकडेने सोडवत आणायची आणि अखंड उचलायची. अख्ख्या कढईत खरवड एकच निघते, त्यामुळे ती कुणाच्या ताटात जाणार हा प्रश्न गंभीर असे.

"मावशी, गेल्या शनिवारी यांना दिली. आज माझी पाळी."

"तुमची पाळी पुढच्या शनिवारी. काल उसळ टाकलीत ताटात."

"अहो, काल पोट बिघडलं होतं."

"मग बिघडलेल्या पोटाला खरवड कशाला?"

सगळे हसायचे, आणि खरवड तिला ज्याला द्यायची असेल त्यालाच मिळायची. मोठमोठ्या कचेऱ्यांत काम करणारी, हाताखाली माणसं असलेली माणसं त्या पापुद्र्यासाठी आईच्या तोंडाकडे बघत बसत. मी पुढे आयुष्यभर निरनिराळ्या समित्यांवर बसले, अध्यक्ष पाहिले, कुलगुरू पाहिले. इतक्या कमी वस्तूच्या बळावर इतका निर्विवाद अधिकार गाजवणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही.

अशाच एका खरवड खाणाऱ्याने आम्हाला सातपूरच्या एका कारखान्याच्या कँटीनचा ठेका मिळवून दिला. तो तिथे अधिकारी होता. बातमी नानांनी आणली ती पेढ्यांसकट. आई परातीत पीठ मळत होती.

"किती माणसं?" तिने विचारलं.

"तीनशे," नाना म्हणाले. आकडा त्यांनी जरा सावकाश उच्चारला.

"एकदम?"

"तीन पाळ्यांत."

"म्हणजे एका वेळी शंभर." ती मळत राहिली. "शंभर म्हणजे आपल्या तीन पंगती. होईल की."

नानांना वाटत होतं ती घाबरेल आणि त्यांना धीर देता येईल. ते जरा खट्टू झाले. पुढचे काही दिवस आई काम करता करता मधेच थांबायची आणि हवेत हात फिरवून काही तरी मोजायची. एकदा नानांबरोबर जाऊन ती कँटीनचा रिकामा हॉल पाहून आली. येताना बसमध्ये तिने सगळं ठरवूनही टाकलं: एक प्रचंड कढई घ्यायची नाही, मध्यम तीन घ्यायच्या, जमिनीलगतच्या बुटक्या भट्ट्यांवर त्या शेजारी शेजारी मांडायच्या, मध्ये आपण बसायचं, हाताखाली एक माणूस घ्यायचा. रात्री जेवताना तिने ताटातल्या तीन वाट्या सरकवून आम्हाला ते दाखवलं. आईने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही, साडीसुद्धा नाही. त्या दिवसांत मात्र तिला काहीतरी हवं होतं, आणि ते काय हे नानांना आणि मला स्वच्छ माहीत होतं. तीनशे माणसांचा स्वयंपाक तिला आपल्या हाताने करायचा होता.

हाताखालचा माणूस म्हणून नानांनी सटाण्याकडचा एक आचारी आणला. त्याचं नाव केदा. उंच, हडकुळा, लग्नाच्या पंगतींत तयार झालेला. बोलताना तो नाशिककरांसाठी नाशिकची भाषा वापरायचा, पण तिला कडेने अहिराणीचं 'शे' आणि 'नही' लागलेलं असायचं. पहिल्याच दिवशी आईने त्याला पिठलं वाढलं. खाऊन झाल्यावर तो ताट घेऊन मोरीकडे गेला आणि तिकडूनच म्हणाला, "माय, हाई हात माले शिकाडशी का?" आई म्हणाली, "आधी ताट घासा, केदाभाऊ." तो हसला. त्यांचं जमलं.

भांडी घ्यायला जायचं ठरलं तेव्हा आईला जाता येईना, दुपारची पंगत होती. नाना पाहुण्यांच्या यादीत गुंतलेले. म्हणून मला पाठवायचं ठरलं, केदाभाऊंबरोबर. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आईने मला यादी सांगितली, मी ती लिहून घेतली. कढया मध्यम, तीन. उलथनी भाजीची सहा, पोळ्यांची चार, दुधासाठी लाकडी दोन. मग तिने डब्यावरची सुतळी तोडली, आपल्या कोपरापासून मुठीपर्यंत ताणली, वर चार बोटं धरली आणि दोन्हीकडे गाठी मारल्या. "दांडा एवढा," ती म्हणाली. "गाठीपासून गाठीपर्यंत. बोटभर कमी चालेल, जास्त नको. जास्त झाला की हात खांद्यापासून हलवावा लागतो, मग शंभर माणसांना पुरत नाही."

माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, सध्या गंगापूर रोडला स्वयंपाकघर चालवते. हॉटेल नाही, नुसतं स्वयंपाकघर. जेवणाऱ्यांची तोंडं तिने कधी पाहिलेली नाहीत, मोटरसायकलवाले येतात आणि डबे नेतात. परवा तिने मला विचारलं, मावशी, उलथनी कुठली घेऊ, आणि एक खोकं पुढे केलं. त्यात सहा रंगांची रबरासारखी उलथनी होती आणि प्रत्येकाबरोबर चार भाषांतलं माहितीपत्रक. मी तिला केदाभाऊंनी त्या दिवशी भांडी बाजारात मला जे शिकवलं ते सगळं सांगितलं. पातं आणि दांडा यांचा सांधा नुसता झाळलेला नको, तो दोन महिन्यांत सुटतो. रिबिटा हव्यात, आणि त्याही दोन, एक असली की पातं फिरतं. उलथनं एका बोटावर आडवं तोलून बघायचं. तोल पात्याकडे फार गेला तर मनगट दुखणार. पोळ्यांना लोखंडाचंच हवं, स्टीलचं तव्यावर घसरतं, धरत नाही. कढईसाठी धार सरळ नको, कढईच्या पोटासारखी वळणाची हवी, नाहीतर ते दोन टोकांवर टेकतं आणि मधली भाजी करपते. पातं जमिनीवर दाबून बघायचं. वाकून परत सरळ झालं तर घ्यायचं, वाकून तसंच राहिलं तर दुकानदाराला नमस्कार करायचा. भाचीने सगळं फोनवर टिपून घेतलं. दांड्याबद्दल ती काही बोलली नाही, आणि मीही ते तिला सांगितलं नाही.

भांडी बाजारात आम्ही एका मोठ्या दुकानात शिरलो. दुकानदार गादीवर बसलेले वयस्क गृहस्थ होते. केदाभाऊंनी खाली बसून उलथनी बोटावर तोलायला, दाबायला सुरुवात केली. मी यादी वाचली आणि आखूड दांड्याची उलथनी मागितली. सुतळी मात्र मी काढली नाही. आजूबाजूला गिऱ्हाइकं होती, त्यांत कॉलेजातल्यासारख्या दिसणाऱ्या दोन मुली होत्या, आणि भर दुकानात गाठी मारलेली सुतळी ताणून उभं राहायची मला लाज वाटली.

"किती माणसांचं काम आहे, ताई?" दुकानदारांनी विचारलं.

"तीनशे."

"मग हे नाही चालणार. हे घरगुती." त्यांनी आखूड उलथनं बाजूला ठेवलं आणि भिंतीवरून एक लांब काढलं. स्टीलचा चकचकीत दांडा माझ्या खांद्यापर्यंत येत होता. "हे कमर्शियल."

"कमर्शियल म्हणजे?"

"लांब," ते म्हणाले.

मग त्यांनी त्या उलथन्याला शोभेल अशी कढई दाखवली. तिच्यात मी सहज बसले असते. तिला उंच भट्टी लागणार होती. केदाभाऊंनी लांब उलथनं हातात घेतलं, उभ्या उभ्या दोनदा हवेत फिरवलं. त्यांच्या उंचीला ते बरोबर होतं. मग ते माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "ताई, चीज चांगली शे. पण मायले हाई जमणार नही. मायनं माप दिलंय ना?"

सुतळी माझ्या पर्समध्ये होती. त्या वर्षी मी स्त्रियांच्या मुक्तीवर बरंच वाचलं होतं. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलीने एकदा सहज विचारलं होतं की तुझ्या वेणीला नेहमी फोडणीचा वास कसा येतो, आणि ते मला आठवडाभर पुरलं होतं. आईच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे काळे डाग होते, ते बघून मला दरवेळी कुणाचा तरी राग यायचा. धूर, कांदा, तो पाट, ते खाली बसणं, यातून तिला बाहेर काढायचं असं मी मनाशी ठरवलेलंच होतं, आणि भिंतीवरची ती लांब उलथनी बघताना मला दिसलं की हे इथे, आत्ता, एका शब्दात होऊ शकतं. कुणाला मुक्त करायचं ते मला पुस्तकांतून नीट कळलं होतं. तिला आधी विचारावं असं कुठे लिहिलेलं नव्हतं, निदान मी वाचलेल्या पानांवर नव्हतं.

"आईला आता कुठे करायचंय?" मी म्हणाले. "तुम्ही आहात ना."

केदाभाऊंनी उलथनं खाली ठेवलं. "तुम्ही म्हणशात तसं," ते म्हणाले. मग त्यांनी दांड्यांच्या रिबिटा एकेक करून तपासल्या. माणूस प्रामाणिक होता. निवड माझी असली तरी माल खोटा जाऊ नये ही त्यांची काळजी.

एक कढई, लांब दांड्याची सहा उलथनी. यादीतलं बाकी सगळं आईने सांगितल्याप्रमाणे. नाना तेवढ्यात येऊन पोचले आणि उलथनी बघून फार खूश झाले. भांड्यांवर नाव घालून घ्यायची आपली पद्धत, ती नानांसारख्या माणसाच्या हातून सुटणं शक्य नव्हतं. दुकानाबाहेर नावं घालणारा बसला होता. नानांनी ठेक्याला आईचं नाव द्यायचं ठरवलं होतं. घरात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. नाना 'अगं' म्हणत, मी आई, बाकी सगळे मावशी. लग्नात ठेवलेलं तिचं इंदुमती हे नाव रेशनकार्डाबाहेर पहिल्यांदा आलं ते त्या दिवशी, सहा दांड्यांच्या वरच्या टोकाला, नक्षीच्या महिरपीत.

घरी आणल्यावर आईने एक उलथनं उचललं. आधी तिने ते बोटावर तोलायचा प्रयत्न केला, पण तोलाची जागा तिच्या हातापासून फार लांब पडत होती. मग तिने दांडा उभा धरून टोकाचं नाव वाचलं. अक्षरं लावून वाचायला तिला वेळ लागायचा.

"सुतळी होती ना गं तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"त्या मापाची मिळत नाहीत, आई. एवढ्या माणसांसाठी एवढीच येतात."

"असं होय," ती म्हणाली. कढई बाहेर ओट्यावर उपडी ठेवली होती, तिच्याकडे तिने दारातून एकदा पाहिलं. थोड्या वेळाने, परात घासता घासता ती म्हणाली, "लोहाराने करून दिली असती." एवढंच. मी पुस्तक उघडून बसले.

दुसऱ्या दिवशी तिने नानांना विचारलं की ही बदलून मिळतील का. नावं घातलेला माल कोण परत घेणार? मग तिने विचारलं, दांडे वरून कापता येतील का. नाना खरोखर दुखावले. "अगं, नाव वर आहे," ते म्हणाले. "दांडा कापला तर तुझंच नाव जाईल." आईने सहाही उलथनी भिंतीला टेकवून ठेवली.

उद्घाटनाला कारखान्याचे मोठे साहेब आले. उलथन्याला झेंडूची माळ बांधलेली होती. साहेबांनी ते शिऱ्याच्या कढईत एकदा फिरवलं, फोटोवाल्याने थांबा म्हटल्यावर तसंच धरून ठेवलं, आणि त्या अवधीत शिरा खाली लागला. भाषणात साहेबांनी अन्नाला परब्रह्म म्हटलं, नानांनी साहेबांना अन्नदाता म्हटलं, आणि दोघांनीही इंदुमतीबाईंचा गौरवाने उल्लेख केला. इंदुमतीबाई तेव्हा करपलेल्या शिऱ्याच्या वासाने अस्वस्थ होऊन कढईच्या दिशेने निघाल्या होत्या आणि त्यांना कुणीतरी खुर्चीत परत बसवलं होतं.

पाहुणे गेल्यावर तिने पदर खोचला आणि भट्टीपाशी गेली. कढईचा काठ तिच्या छातीशी येत होता. तिने लांब उलथनं दोन्ही हातांनी मधोमध धरलं. दांड्याची मागची बाजू तिच्या काखेखालून बाहेर गेली आणि मागच्या मांडणीवर आपटली. केदाभाऊंनी मांडणी सरकवली. तिने कांदा परतायला घेतला. शंभर माणसांचा कांदा; वरचा हलत होता, तळाशी पोचत नव्हता, आणि तिला ते वासावरून कळत होतं. केदाभाऊ बाजूला उभे होते. त्यांनी हात पुढे केला नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. मग ती म्हणाली, "एक स्टूल द्या." स्टुलावर उभं राहून जमू लागलं होतं. हात खांद्यापासून हलवावा लागत होता, पण जमत होतं. खसखस असा आवाजही यायला लागला होता. तेवढ्यात सुरक्षा बघणारे गृहस्थ आले. सभ्य माणूस होता. "बाई," ते म्हणाले, "उकळत्या कढईपाशी स्टुलावर उभं राहता येणार नाही. पडलात म्हणजे?" नियम अगदी योग्य होता, हीच पंचाईत. आई खाली उतरली. तिने उलथनं केदाभाऊंच्या हातात दिलं आणि पदर सोडला.

तिच्यासाठी नानांनी ताटं द्यायच्या खिडकीपाशी फिरती खुर्ची ठेवली. मालकीणबाईंना साजेशी. त्या खुर्चीत तिचे पाय जमिनीला टेकत नसत. ती रोज सकाळी बसने जायची, खुर्चीत बसायची, आत कांदा परतल्याचा आवाज ऐकायची आणि मधूनच म्हणायची, "केदाभाऊ, झाला हो." आतून उत्तर यायचं, "व्हय माय." काही महिन्यांनी ती म्हणेनाशी झाली. खानावळ अर्थात बंद झाली होती. ठेकेदाराच्या घरी पाट मांडून परके लोक जेवणं नानांना बरं दिसत नव्हतं. भाजल्याचे डाग हळूहळू फिके झाले. मी ते पाहून मनात समाधान मानल्याचं मला आठवतं, आणि ते लिहून ठेवणं भाग आहे.

घरी रात्रीचं चार माणसांचं ती करायची, पण तीस माणसांचा हात चार माणसांना लागू होत नव्हता. मीठ जास्त पडे, पोळ्या उरत. पिठलं तिने एक-दोनदा केलं. खरवड निघाली ती तुकड्यातुकड्यांत. नाना म्हणाले, "चालायचंच, वय झालं." ती तेव्हा पंचेचाळिशीचीही नव्हती.

चार-पाच वर्षांनी ठेका दुसऱ्याकडे गेला. केदाभाऊ सटाण्याला परतले. नानांनी खानावळ पुन्हा सुरू करायची टूम काढली, या वेळी रीतसर, फीत कापून. आई म्हणाली, "बघू." जेवणारे केव्हाच पांगले होते. मला नोकरी लागली, मी शिकवू लागले, कॉलेज रोडच्या मागे जागा घेतली. त्याच सुमारास एका लग्नासाठी सटाण्याला गेले होते, तिथे मांडवामागे केदाभाऊ भेटले. केस पिकले होते. आईची चौकशी करून झाल्यावर ते म्हणाले, "ताई, एक सांगू? राग नका येऊ देऊ. तीन कढया घेतल्या असत्या ना, तर मायनीच रांधलं असतं सारं. मी तिना हाताखाली शिकाले येल व्हतो. माले कुठे मोठं आचारी व्हवानं व्हतं?" मला राग कसला येणार. मी मान हलवली आणि जेवायला न बसता बस धरली. चांदवड येईपर्यंत मी ठरवलं होतं की तिला सगळं सांगायचं, आणि तिला पुन्हा तिच्या शेगडीपाशी बसवायचं. पंचवटीच्या घरी पोचले तर नाना आजारी होते. सांगायचं राहिलं, आणि एकदा राहिलेली गोष्ट पुढे दर महिन्याला जास्त अवघड होत जाते.

नाना गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. माझ्या स्वयंपाकघराचा ओटा माझ्या उंचीचा होता, आणि मी नानांसारखी उंच. एका सकाळी मी घाईत पोळ्या करत होते. पहिला तास साडेआठचा होता. आई आंघोळ करून आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. मी वळले तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत होती.

"मी करू का पोळ्या?" तिने विचारलं.

तिने आयुष्यात कधी स्वयंपाकघरात शिरायला कुणाची परवानगी मागितली नव्हती. मला सगळं कळलेलं होतं. केदाभाऊंचं बोलणं पाठ होतं. शेगडी खाली ठेवायला, पाट मांडायला दोन मिनिटं पुरली असती. आणि माझ्या तोंडून निघालं, "राहू दे ना आई. किती केलंस आयुष्यभर. तू बस."

"बरं," ती म्हणाली, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

त्यानंतर ती पावणेदोन वर्षं माझ्याकडे होती. तिने पुन्हा विचारलं नाही.